बाद झालेली 55 डिव्हाइस

पत्र

मॅडम, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सेमीकंडक्टर नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी.ला लागले. आता चौथं वर्ष संपत आलंय. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी थरावर ट्रान्झिस्टर बनवणं हा माझा विषय. आजवर 64 डिव्हाइस बनवली, त्यातली नीट चालली फक्त 9. उरलेली 55 बाद. त्यांतली काही विचित्र वागतात. एकाचा थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ज्याला ते चालू होतं तो, संध्याकाळी एक येतो आणि रात्रभर निर्वातात ठेवल्यावर दुसराच. गेटचं, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणाऱ्या टोकाचं, व्होल्टेज वर नेताना एक करंट, खाली आणताना वेगळा. हे मी तीनदा पुन्हा मोजून पाहिलं. गाइड म्हणाले, हे थिसिसमध्ये नको, चांगली डिव्हाइसच दाखव.

इंजिनिअरिंगवाले विचारतात, यात फिजिक्सवाल्यांचं काय काम? आमच्या विभागातले म्हणतात, हे खरं फिजिक्स नव्हेच. परवा एकानं सांगितलं, मूरचा नियम, म्हणजे चिपवरचे घटक ठरावीक काळानं दुप्पट होत जाणं, संपला, आता या क्षेत्रात उरलंय काय? माझी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी हे सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि स्थिरावली. मी मात्र रात्री दोन वाजता क्लीनरूममध्ये एकटी थर कोरायचं एचिंग करत असते. घरी विचारतात, कधी संपणार? माझ्याकडे उत्तर नसतं. सोडू का? आणि नाही सोडलं तर पुढे माझं होणार काय?

— चौथ्या वर्षातली


उत्तर

तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे येण्याआधी रात्री दोनचं बोलू. तू एचिंगला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असशील, तर एकटीनं वापरू नकोस. आजपासूनच. विरल ॲसिड कातडीवर पडलं तर कित्येकदा लगेच चटकाही बसत नाही. दुखायला लागतं काही तासांनी, आणि तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे उद्या सकाळी बघून ये. सोबतीला कुणी मिळत नसेल तर ते काम दिवसा कर, वेफर एक दिवस थांबतो. हे सल्ल्याचं शेपूट म्हणून सांगत नाही. पुढची तीस वर्षं हे काम करायचं असेल, तर करिअरची सुरुवात इथूनच होते.

आता पत्राबद्दल. ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. मैत्रीण, घरचे, विभागातले लोक यांच्याबद्दल लिहिताना तुझी वाक्यं थकलेली आहेत. पण त्या हललेल्या थ्रेशोल्डबद्दल तू नेमकं लिहिलंस: किती वेळ ठेवलं, कशात ठेवलं, वर नेताना काय, खाली आणताना काय. ‘तीनदा पुन्हा मोजून पाहिलं’ असं लिहिलंस. कुणी सांगितलेलं नसताना, उलट नको म्हटलेलं असताना. सोडणाऱ्या माणसाला बाद डिव्हाइस तिसऱ्यांदा मोजावंसं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की ज्या 55 डिव्हाइसना तू अपयश म्हणतेस, भौतिकशास्त्रज्ञ म्हणून तुझं काम तिथेच आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. या क्षेत्राचा जन्मच असा झालाय.

1925 साली लिलिएनफेल्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अर्धवाहकावर विद्युतक्षेत्र लावून त्यातला प्रवाह कमीजास्त करायचा, अशी ती कल्पना. आज तू गेट म्हणतेस, ते हेच. कल्पना बरोबर होती, पण ती प्रत्यक्षात उतरत नव्हती. वीस वर्षांनी शॉकलेनं बेल लॅब्जमध्ये तोच प्रयत्न केला. गणितानुसार प्रवाहात मोठा फरक पडायला हवा होता, दिसला जवळजवळ शून्य. ‘डिव्हाइस बाद’ म्हणून पुढे जाणं सोपं होतं. बार्डीननं मात्र न चालण्याचं कारण शोधलं. 1946 मध्ये त्यानं मांडलं, की पृष्ठभागावर अशा ऊर्जापातळ्या असतात ज्यांत इलेक्ट्रॉन अडकून बसतात. बाहेरून लावलेलं क्षेत्र हे अडकलेले इलेक्ट्रॉनच झेलतात, आतल्या पदार्थाला त्याचा पत्ताही लागत नाही. मग तो आणि ब्रॅटन त्या पृष्ठभागाच्याच मागे लागले, आणि डिसेंबर 1947 मध्ये त्या शोधातून पहिला ट्रान्झिस्टर हाती आला, पॉइंट कॉन्टॅक्टचा, म्हणजे धातूची टोकं टेकवून केलेला. मूळ कल्पनेतला ट्रान्झिस्टर व्हायला आणखी बारा वर्षं गेली. अताला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं, की सिलिकॉनवर उष्णतेनं ऑक्साइड वाढवला की त्या त्रासदायक पातळ्या बऱ्याच शांत होतात. मग 1959 च्या सुमारास अताला आणि काहंग यांनी मॉसफेट, म्हणजे ऑक्साइडवर धातूचं गेट असलेला ट्रान्झिस्टर, बनवला. आज एकेका चिपवर 10 अब्जांहून जास्त संख्येनं बसतो, तो हाच.

आता तुझ्या डिव्हाइसकडे बघ. रात्रभर निर्वातात ठेवलं की थ्रेशोल्ड सरकतो, वर-खाली नेताना करंटची वाट वेगळी होते. कुठेतरी इलेक्ट्रॉन अडकतायत आणि सुटतायत, पृष्ठभागावर चिकटलेल्या पाण्याच्या रेणूंपाशी किंवा खालच्या ऑक्साइडमधल्या सापळ्यांत. तुझा थर फक्त 0.65 नॅनोमीटर जाड आहे. त्याला ‘आतला पदार्थ’ असा नाहीच, सगळाच्या सगळा पृष्ठभाग आहे. बार्डीनचा प्रश्न तुझ्याकडे आणखी तिखट होऊन आलाय, आणि तू तो बाजूला ठेवायला निघालीस.

गाइडना मी दोष देत नाही. त्यांना तुझा थिसिस वेळेत संपलेला हवाय, आणि त्यांना पेपर लागतात. पण तू त्यांच्यापुढे ‘हे विचित्र येतंय’ एवढंच घेऊन गेली असशील, तर ‘नको’ हेच उत्तर येणार. विचित्र गोष्ट दाखवायची असेल तर तिच्यासोबत एक वेगळं करणारी चाचणी न्यावी लागते. गेटचं व्होल्टेज हळू आणि भरभर अशा दोन-तीन वेगांनी फिरव आणि हिस्टेरिसिसचं, म्हणजे वर-खालीच्या दोन वाटांमधलं, वेटोळं किती रुंद होतं ते बघ. मग निर्वातातच सौम्य तापवून पुन्हा मोज. तापवल्यावर वेटोळं बारीक झालं तर बाहेरून चिकटलेल्या रेणूंवर संशय जातो. तसंच राहिलं आणि वेगानुसार, गेट किती दूर नेलं त्यानुसार बदलत गेलं, तर ऑक्साइडमधले सापळे. तो आलेख टेबलावर ठेव आणि मग बोल. मी गाइड म्हणून बरीच वर्षं काढली. ‘असं होतं’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी थांबवलंय, पण ‘असं होतं, आणि अमुक केलं की होत नाही’ म्हणणाऱ्याला थांबवल्याचं मला आठवत नाही.

त्या 55 मध्ये आणखी एक गोष्ट तपास. कितींचं दुखणं चॅनेलमध्ये, म्हणजे प्रवाह वाहतो त्या भागात, नसून कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे धातूच्या जोडात, आहे? एकाच फ्लेकवर, म्हणजे पापुद्र्यावर, वेगवेगळ्या लांबीची चॅनेल करून रोध लांबीसमोर मांडलास आणि रेषा शून्य लांबीपर्यंत मागे नेलीस, तर जो आकडा उरतो तो दोन कॉन्टॅक्टचा. तुला हे ठाऊक असणारच. पण बाद डिव्हाइसवर हे कुणी करत नाही, म्हणून सांगते. या पदार्थांना धातू जोडला की फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन साधारण जिथवर भरलेले असतात ती ऊर्जापातळी) एका जागी खिळून बसते आणि इलेक्ट्रॉनसमोर शॉट्की बॅरियर, म्हणजे ऊर्जेची भिंत, उभा राहतो. वर्षानुवर्षं लोक त्या भिंतीचा रोध चॅनेलच्या नावावर टाकून मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज धावतात ते, काढत राहिले. 2021 मध्ये याच पदार्थाला बिस्मथचा कॉन्टॅक्ट देऊन रोध 123 ओहम-मायक्रोमीटरपर्यंत खाली आणला गेला. बिस्मथ अर्धधातू, त्यात फर्मी लेव्हलपाशी पातळ्याच फार थोड्या, म्हणून ते खिळून बसणं टळलं. चॅनेल जुनंच होतं. जोड का चालत नाही याचा विचार झाला आणि वाट निघाली.

‘हे खरं फिजिक्स नव्हे’ असं तुला सांगणाऱ्यांसाठी एक रात्र पुरेशी आहे. फेब्रुवारी 1980, ग्रेनोबलची उच्च चुंबकीय क्षेत्राची प्रयोगशाळा. क्लाउस फॉन क्लिट्झिंग सिलिकॉन मॉसफेटमध्ये इलेक्ट्रॉन कशामुळे विखुरतात, मोबिलिटी कशी वाढेल, असले व्यवहारी प्रश्न घेऊन मोजत होता. हॉल रोध, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेला मोजलेला रोध, पायरीपायरीनं चढताना दिसला, आणि पायऱ्यांची उंची पदार्थावर, आकारावर, कशावरच अवलंबून नव्हती. प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग, म्हणजे 25,812.807 ओहम, आणि त्याचे पूर्णांक भाग. आज जगभर रोधाचं प्रमाण याच परिणामावरून ठरतं. इलेक्ट्रॉनिक्सचा साधा घटक मोजताना निसर्गाचा स्थिरांक हाती लागला. त्यामुळे इंजिनिअरिंग कुठे संपतं आणि फिजिक्स कुठे सुरू होतं, याची सीमा आखत बसण्यात मी कधी वेळ घालवला नाही. तूही घालवू नकोस.

मूरच्या नियमाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या पोटातली खरी भीती तिथे आहे असं मला वाटतं.

नियम संपला म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. मूरनं 1965 मध्ये सांगितलं ते एका चिपवर घटक किती मावतील त्याबद्दल. लहान केल्यानं ट्रान्झिस्टर सरसकट चांगला का होतो, हे 1974 मध्ये डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं: मापं जेवढ्या पटीत कमी कराल तेवढ्या पटीत व्होल्टेजही कमी करा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. हे दुसरं गणित 2005 च्या आसपास मोडलं. कारण साधं आहे आणि शुद्ध भौतिकशास्त्राचं आहे. सोर्समधले, म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये जिथून ते निघतात त्या टोकाचे, इलेक्ट्रॉन बॅरियर ओलांडतात ते उष्णतेच्या जोरावर, बोल्ट्झमनच्या वाटपानुसार. त्यामुळे खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट बदलायला गेटवर निदान 60 मिलिव्होल्ट लागतात. बंद आणि चालू यांत एक लाखपट फरक हवा असेल तर 300 मिलिव्होल्ट त्यातच गेले. कितीही कुशल कारागिरी केली तरी नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा आकडा खाली येत नाही. म्हणून व्होल्टेज अडलं, आणि प्रोसेसरचा वेग काही गिगाहर्ट्झवर येऊन थबकला.

पण त्यानंतर काय झालं बघ. गेटखालचा ऑक्साइड 1.2 नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला आणि इलेक्ट्रॉन त्यातून थेट टनेलिंग करू लागले, म्हणजे भिंत न ओलांडता आरपार जाऊ लागले. तेव्हा 2007 मध्ये हाफ्नियमवर आधारलेला, विद्युतदृष्ट्या पातळ पण प्रत्यक्षात जाड असा थर आला. 2011 मध्ये चॅनेल पंखासारखं उभं करून गेटनं ते तीन बाजूंनी धरलं. आता चॅनेलच्या पट्ट्या एकावर एक रचून गेट त्यांना चारही बाजूंनी वेढतं. ‘3 नॅनोमीटर’ हे तर पिढीचं नाव झालंय, त्या ट्रान्झिस्टरचं गेट प्रत्यक्षात 3 नॅनोमीटर लांब नसतं. या प्रत्येक वळणावर आधी कुणीतरी विचारलं होतं, की गळती नेमकी कुठून होते आणि का.

वळणं संपलेली नाहीत. एक हिशोब करून बघ. घनसेंटिमीटरला 10 चा 18 वा घात इतके डोपिंगचे, म्हणजे मुद्दाम मिसळलेले, अणू, म्हणजे दहा नॅनोमीटर बाजूच्या घनात सरासरी एक अणू. 20 बाय 20 बाय 10 नॅनोमीटरच्या चॅनेलमध्ये चार. शेजारच्या ट्रान्झिस्टरमध्ये सहा असतील, पलीकडच्यात दोन. तिथे ‘घनता’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. एकच इलेक्ट्रॉन एकाच सापळ्यात शिरला आणि बाहेर आला की प्रवाह दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतो. बारीक सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये 1984 मध्येच हे स्पष्ट दिसलं होतं. तेव्हा ती कुतूहलाची गोष्ट होती, आज मेमरी बनवणाऱ्यांची रोजची डोकेदुखी आहे. क्वांटम संगणकासाठी ट्रान्झिस्टर 4 केल्विनला चालवायला घेतले, तर 60 चा आकडा तापमानाच्या प्रमाणात एकाच्याही खाली जायला हवा. प्रत्यक्षात तो 10 मिलिव्होल्टच्या आसपास अडतो, कारण पदार्थातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांच्या कडा पाठ्यपुस्तकात काढतात तशा धारदार नसतात. अशा जागी भौतिकशास्त्रज्ञ लागतात, आणि पुरेसे मिळत नाहीत.

पुढे होणार काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. विद्यापीठातली कायमची जागा ही एकच मंजिल मानलीस तर वाट चिंचोळी आहे. पोस्टडॉक, मग आणखी एक पोस्टडॉक, आणि तरी खात्री नाही. हे मी लपवणार नाही. पण या विषयाच्या पीएच.डी.ला दुसरी दारं उघडी असतात, ती भौतिकशास्त्राच्या बऱ्याच शाखांना नसतात. चिप बनवणाऱ्या आणि त्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांचे संशोधन विभाग आहेत. लोवेनचं आयमेक किंवा ग्रेनोबलचं लेती यांसारखी केंद्रं आहेत, जिथे उद्योग आणि संशोधक एकाच क्लीनरूममध्ये काम करतात. तिथे मोजमापशास्त्र, सिम्युलेशन, टिकाऊपणाचा अभ्यास अशी कामं असतात. त्यातलं टिकाऊपणाचं काम मी तुला मुद्दाम सुचवते. ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षांच्या वापरानं कसा झिजतो, सापळे कसे तयार होतात, थ्रेशोल्ड कसा सरकतो, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. तू ज्याला बाद म्हणतेस ते तिथे कामाचं शीर्षक असतं.

मी स्वतः अकरा वर्षं अशा एका औद्योगिक प्रयोगशाळेत होते. एके दिवशी आमचा गट बंद झाला, आठवडाभरात टेबलं रिकामी. तेव्हा फार लागलं होतं. पण नंतर दिसलं की ज्यांना फक्त आमची रेसिपी येत होती ते अडकले, आणि ज्यांना मोजता येत होतं त्यांना चार ठिकाणांहून बोलावणं आलं. मोजणं म्हणजे यंत्राचं बटण दाबणं नव्हे. या आकड्यात चॅनेलचं किती, कॉन्टॅक्टचं किती, केबलचं किती आणि माझ्या इच्छेचं किती, हे वेगळं करणं. माझ्या पीएच.डी.च्या काळात मला कंडक्टन्समध्ये सुंदर पायऱ्या दिसल्या होत्या. तीन महिने मी त्या क्वांटम परिणाम समजत होते, पेपरचा मसुदाही झाला होता. मग एका रात्री मीटरची रेंज बदलली आणि पायऱ्यांची उंची बदलली. त्या मीटरच्या आकडे गोल करण्याच्या पायऱ्या होत्या. त्या रात्री मी रडले. पण त्यानंतर रेंज बदलल्याशिवाय एकही आलेख मी कुणाला दाखवला नाही, आणि माझ्या सगळ्या नोकऱ्या त्या सवयीवर मिळाल्या असं मला मनापासून वाटतं.

याच कारणासाठी 55 डिव्हाइसचा मूळ डेटा जपून ठेव. तारीख, तापमान, निर्वात किती, आधी काय केलं होतं, सगळं वहीत. आपल्याच क्षेत्रात यान हेंड्रिक शॉनचं प्रकरण झालं. रेणूंच्या ट्रान्झिस्टरवरचे त्याचे पेपर जगभर गाजत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दोन वेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला नॉइज हुबेहूब एक आहे. 2002 मध्ये चौकशी समितीनं मूळ नोंदी मागितल्या, तर नीट ठेवलेल्या वह्या नव्हत्या आणि फायली पुसलेल्या होत्या. किमान 16 ठिकाणी गैरप्रकार सिद्ध झाला. तू तसं काही करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण ‘फक्त चांगली डिव्हाइस दाखव’ या सल्ल्यात एक उतार आहे. थिसिसमध्ये 64 पैकी 9 हा आकडा स्पष्ट लिही आणि उरलेल्यांचं वर्गीकरण दे: किती कॉन्टॅक्टमुळे, किती गळक्या गेटमुळे, किती लिफ्ट-ऑफच्या वेळी फ्लेक फाटल्यामुळे, किती अजून न कळलेल्या कारणानं. उद्योगातून मुलाखतीला येणारा माणूस ते पान सगळ्यात आधी वाचेल. यील्डची, म्हणजे किती बनवली आणि किती चालली याची, भाषा त्याला कळते. इंजिनिअरांकडून आपण ही एक गोष्ट शिकायलाच हवी: आपण एका सुंदर डिव्हाइसवर भाळतो, ते हजार डिव्हाइसमधला फरक विचारतात.

मैत्रिणीनं सोडलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला ते काम आवडत असेल तर तिनं योग्य केलं. तूही सोडू शकतेस, त्यात कमीपणा नाही. पण चौथ्या वर्षाच्या अखेरीला, थकलेली असताना, रात्री दोन वाजता ते ठरवू नकोस. तीन महिन्यांची मुदत घे. या तीन महिन्यांत नवं डिव्हाइस एकही बनवायचं नाही. क्लीनरूम बंद, फक्त मोजमापाचं प्रोब स्टेशन आणि आहे तो माल. त्यातून एक प्रकरण उभं राहिलं तर ‘कधी संपणार’ याचं उत्तर घरी देता येईल, कारण आणखी नवी डिव्हाइस नकोत हे ठरल्यावरच थिसिसला शेवट दिसू लागतो. गाइडना ही मुदत आधी सांग, लेखी, प्रकरणांच्या यादीसह. आणि तीन महिन्यांनंतरही सकाळी प्रोब स्टेशनकडे जाताना पाय जड वाटले, तर थिसिस आहे त्यात गुंडाळ आणि खुशाल दुसरीकडे जा. तेव्हा मला लिहिलंस तर मी शिफारसपत्र कसं मागायचं तेही सांगेन.

सोमवारी मात्र ते एक डिव्हाइस परत चेंबरमध्ये ठेव, ज्याचा थ्रेशोल्ड रात्रीत सरकला होता. वेग बदलून तीनदा मोज, मग तापवून तीनदा. वेटोळं बारीक झालं की तसंच राहिलं, हे मला कळव. मलाही ते जाणून घ्यायचंय.